टोक तुटलेल्या पराची मादी

डॉल्फिनना हात न लावता ओळखणं, हे माझं काम. पाठीवरच्या परावरच्या खाचा, वण प्रत्येकाचे वेगळे असतात. लांबून फोटो काढायचे आणि कोपरीच्या घरी बसून जुन्या फोटोंशी ताडून बघायचे. होडीचं इंजिन बंद, पाठलाग नाही, सोबत पिल्लू असेल तर आणखी लांब. हे नियम पहिल्याच दिवशी मी काकांना सांगितलेले. काका म्हणजे आमची होडी चालवणारे, बाळकुमचे, हयात खाडीत गेलेली. "म्हंजे निस्तं बघाचं?" म्हणून ते हसलेले.

खाडीच्या तोंडाशी आम्हाला एक मादी नेहमी दिसायची, पराचं टोक तुटलेली. त्या हिवाळ्यात तिच्या कुशीला पिल्लू दिसलं, तर दुसऱ्या दिवशी काका होडीत पेढे घेऊन आले.

काही आठवड्यांनी तेच पिल्लू दिसलं, शेपटीला जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला. श्वास घ्यायला वर येणंही त्याला जड जात होतं. मी वनखात्याला फोन लावला. तोवर काकांनी कोयता काढलेला.

"बाय, जवल जातो. दोन मिन्टांत कापतो."

"नको काका. बिथरलं तर आणखी गुरफटेल. आईही होडीवर आदळेल. वनखात्याची माणसं निघालीत."

"तवर ऱ्हाईल का ते?"

मी कॅमेरा डोळ्याला लावला, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

हळूहळू पिल्लू आपण होऊन वर यायचं थांबलं. मग आई त्याला तोंडावर उचलून वर आणायला लागली. ते घसरायचं, ती बुडी मारायची, पुन्हा आणायची. वनखात्याची माणसं पोचली तेव्हा पिल्लू गेलेलं, तरी ती तेच करत होती. त्यातले एकजण मला म्हणाले, "मॅडम, लांब राहिलात ते बरोबर केलंत."

काकांनी ते ऐकलं. काठाला लागल्यावर म्हणाले, "तुजं बरोबर असल, पोरी. पन मना आता नाय जमाचं." त्यानंतर ते माझ्यासोबत आले नाहीत.

मी जाणकारांना विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं, बरोबर केलंस. पण दोन मिनिटांत खरंच कापलं गेलं असतं का, हे कुणालाच सांगता आलं नाही. भाजी निवडताना, रिक्षात बसल्यावर, मध्येच ती दोन मिनिटं आठवतात आणि मी तिथेच थांबते.

पुढच्या हिवाळ्यात ती मादी दिसली. एकटीच. फोनमध्ये तिचा फोटो घेऊन मी बाळकुमला काकांच्या बिल्डिंगमध्ये गेले. त्यांनी चष्मा लावला, बोटांनी फोटो मोठा केला.

"सुकलीय लय," ते म्हणाले.

मग बराच वेळ त्यांनी फोन परत दिला नाही, आणि मीही मागितला नाही.