पलंगाच्या पायाला बांधलेली ओढणी

चकली तळल्याचा वास आला की अजून मी आधी पोरगं कुठंय ते बघते. गेल्या दिवाळीला उरणहून नणंद येणार होती, म्हणून आमच्या सानपाड्याच्या घरात मी शेगडी खाली मांडून चकल्या तळत बसलेले, आणि दोन वर्षांचं माझं पोरगं सारखं कढईकडं धावत होतं. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, ह्याला जरा खाली फिरवून आणा ना," तर ते मोबाईलमधूनच बोलले, "सुट्टीला तरी बसू दे की मला." मी म्हटलं, विकतच्या आणूया का, तर सासूबाई बोलल्या, "चार पोरं सांभाळून तळल्यात आमी, तुला एक जड झालं?" तेवढ्यात पोरानं कढईच्या कानाला हात घातला, मी त्याला मागं खेचलं, तेल माझ्या मनगटावर उडालं, आणि मी इतकी घाबरले की त्याला माझ्या ओढणीनं पलंगाच्या पायालाच बांधलं. तो रडून रडून गप झाला. नणंद आली, हसली, "वैनी, बकरी बांधलीस काय गं!" बोलली, फोटो काढला, सगळ्यांनी चकल्या खाल्ल्या, पण गाठ कोणी सोडली नाय. यंदा मी परत कढई ठेवली, तर पोरगं आपणच ओढणी घेऊन पलंगापाशी जाऊन बसलं, नि बोललं, "मम्मी, बांध."