शिवेचा साक्षीदार

राहुरी स्टेशनात दौंडकडे जाणारी गाडी लागली होती आणि आई माझ्या ट्रंकेची दोरी तिसऱ्यांदा आवळत होती. "लई वाचत बसू नगं, डोळं जात्याल," ती म्हणाली. आप्पा मिशनच्या शाळेतले मास्तर, त्यामुळे ते नेमकं बोलले, "एम.ए. होऊनच ये."

कृपा, तू त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर रडत होतीस. शांतवन तेव्हा नैरोबीला पोचलाही होता. पुढचं मी तुम्हां दोघा भावंडांना कधी नीट सांगितलंच नाही.

लढाई संपली होती, रेशन संपलं नव्हतं, आणि स्वातंत्र्याला अजून वर्ष होतं. ख्रिस्ती वस्तीतली पोरगी पुण्याला इतिहास शिकायला चालली, याचं गावाला नवल वाटत होतं. होऊन गेलेल्या गोष्टी त्या काय शिकायच्या?

पुण्यात माझ्या गाईडनी पहिल्याच दिवशी सगळं स्पष्ट केलं. एम.ए.ला दोन वाटा. एक तर सगळे पेपर द्यायचे, नाही तर थिसिस लिहायचा. थिसिसला दोन वर्षं काम, विषयाला मंजुरी आणि शेवटी तोंडी परीक्षा. "पण छापील पुस्तकांतून उतरवलेलं चालणार नाही," ते म्हणाले. "कुणी न छापलेले कागद शोधायचे, आणि ते स्वतः वाचायचे. जुनी मोडी येते?"

मी 'येते' म्हणून बसले. येत होती ती शाळेतली मोडी. जुन्या कागदांतली मोडी म्हणजे पळत्या घोड्यावर बसून लिहिल्यासारखी. होस्टेलजवळ एक पेन्शनर कारकून राहत. त्यांच्याकडे रोज सकाळी जाऊन तीन महिने घासली, तेव्हा कुठे अक्षरं सुटी दिसू लागली.

विषय मंजूर झाला, 'गावांच्या शिवा आणि त्यांचे तंटे'. कागद मात्र हातात एकही नाही. दिवाळीच्या सुटीत घरी आले तेव्हा आप्पा मला रावजी पाटलांकडे घेऊन गेले. पाटलांची नातवंडं आप्पांच्या शाळेत होती, तरी म्हातारा बिचकला.

"कागद वाचल्यानं जमिनी जात्यात, मास्तर."

"जमीन नाही जायची. पोरीला परीक्षेसाठी हवेत."

पाटलांनी बराच विचार केला. "मग हितंच वाचायचं. समद्यांदेखत, मोठ्यानं."

त्यांनी ओट्यावर दप्तर सोडलं. मी खालच्या पायरीवर बसले. आपली माणसं तिथेच बसत आली होती, ख्रिस्ती झाल्यावरही.

चौथ्या दिवशी एक लांबलचक कागद निघाला. आपलं गाव आणि ओढ्यापलीकडचं गाव यांचा शिवेवरून तंटा. दोन्हीकडच्या पाटलांनी मान्य केलं होतं की आपल्या गावचा महार सांगेल ती शीव खरी. त्याने डोक्यावर माती घेऊन शपथ वाहिली, शीव चालून दाखवली, आणि तंटा मिटला. खाली साक्षीदाराचं नाव होतं. मी वाचलं, "रायनाक वल्द भिवनाक," म्हणजे भिवनाकाचा मुलगा रायनाक.

आप्पांनी चष्मा काढला. "आमच्या आज्याच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर बापाचं नाव हेच आहे," ते हळू म्हणाले.

मग पाटील जरा सरकले. "म्हंजी ह्या गावची शीव तुमच्या मान्सानं ठरवली. वर या, मास्तर. बाई, तूबी वर बस."

वर बसायला आपल्याला इतका जुना कागद दाखवावा लागला, याचा राग मला पुण्याला परतल्यावर आला. त्या घटकेला मात्र आप्पांच्या शेजारी बसून मला हसू आवरत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून लोक कणगीतून, आढ्यावरून कागद काढून आणू लागले. एका आजीने जन्मभर जपलेली 'सनद' वाचली, तर ती घोड्याच्या पोटदुखीवरच्या औषधाची निघाली. सगळ्यांत जास्त तीच हसली.

तोंडी परीक्षा झाली तेव्हा देश स्वतंत्र झाला होता. एका परीक्षकांनी विचारलं, "या रायनाकाच्या जबानीवर तुमचा एवढा भरवसा कसा?"

"सर, ते माझे खापरपणजोबा."

"मग तुम्ही निःपक्षपाती कशा?"

"म्हणून पलीकडच्या गावचं दप्तरही वाचलं, सर. त्यांनीही हीच शीव लिहून ठेवली आहे."

त्यांनी गाईडकडे पाहिलं आणि थिसिस मिटला. मी पास झाले.

आता मुंबईत कॉलेजात शिकवते. लिफ्टच्या बिल्डिंगीत राहते, दूध बाटलीतलं घेते. मिशनच्या आवारात वाढताना आपण 'गावातले लोक' असं म्हणत असू, जणू ते कुणी दुसरे. आता वर्गात सहज 'आमच्या गावात' असं तोंडून निघतं, आणि मलाच बरं वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात लेकीला घेऊन ती शीव चालले, ओढ्यापासून पार माळापर्यंत. कृपा, तुला तेव्हा ताप होता म्हणून तू आली नाहीस. वाटेत शेतातून एका बाईने हाक मारली, "कोन्या गावच्या वो तुमी?" मी मुंबईचं नाव घेणार, तेवढ्यात लेकीने उत्तर देऊन टाकलं.

"याच गावच्या."