झाकून ठेवलेली बादली

जपानला वर्षभर राहून, भाषा आणि चालीरीती शिकून मी चेन्नईत, वेस्ट मांबलमच्या घरी परतले आणि पुन्हा एक वर्ष जायची संधी चालून आली. आई काही हो म्हणेना. आम्ही तंजावरची मराठी माणसं; तमिळ मुलखात पिढ्या गेल्या, पण सोवळं सुटलं नाही. आईचं तर वयाबरोबर आणखी घट्ट झालंय. तिचं म्हणणं एकच: "ज्या बाईच्या घरीं तू राहिलीस ती चोखट की नाही, तें मी माझ्या डोळ्यांनी पाहतें. मग सांगतें."

ती बाई म्हणजे तिकडच्या माझ्या यजमानीण. त्यांना मी ओकासान म्हणायची, म्हणजे आईच. त्या मे महिन्यात चेन्नई पाहायला यायच्या होत्या. मे हा काय चेन्नई पाहायचा महिना आहे? पण त्यांना तेव्हाच सवड होती.

ही भेट टळावी असं मला वाटू लागलं, कारण ओकासानच्या घरी मी पहिल्याच संध्याकाळी काय दिवे लावले होते ते आईला ठाऊक नव्हतं. जाण्याआधी इथल्या नुंगंबाक्कमच्या जपानी क्लासात बजावून सांगितलं होतं: अंग बाहेर धुवायचं, मग गरम पाण्याच्या टबात नुसतं बसायचं आणि उठताना पाणी सोडायचं नाही, कारण मागाहून घरातले त्याच पाण्यात बसतात. पाहुणी म्हणून पहिला मान माझा. बसले. सुख म्हणजे काय ते कळलं. आणि मग डोक्यात आलं, की आता आईहून वडील असलेली ही बाई माझ्या उष्ट्या पाण्यात बसणार! हे पाप कुठे फेडू? मी बूच ओढलं, टब लख्ख घासला. पुन्हा गरम पाणी भरायचं कसं, ते मात्र काही केल्या समजेना.

ओकासान टॉवेल घेऊन आल्या, रिकामा टब पाहिला, हसल्या आणि टॉवेल ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी तिकडच्या भाषाशाळेतल्या बाईंनी मला हळूच विचारलं, तुला त्या घरी अस्वच्छ वाटतं का? ओकासाननी त्यांना फोन केला होता. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी जाऊन मी हातवारे करत मोडक्यातोडक्या जपानीत सोवळं, उष्टं, वडीलधाऱ्यांचा मान, सारं पुराण सांगितलं. ओकासान डोळे पुसेपर्यंत हसल्या. त्या दिवसापासून आधी त्या, मग मी. उरलेलं पाणी त्या पंपानं वॉशिंग मशीनमध्ये घेत. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला घालणाऱ्या आईची मी लेक. ते पाहिलं आणि मला ते घर आपलं वाटू लागलं.

ओकासान मांबलमला आल्या तेव्हा आमच्या इमारतीची बोअर आटली होती. सकाळी येतो म्हणालेली तण्णी लॉरी दुपारी उगवली आणि सगळे मजले बादल्या घेऊन त्या टँकरवर तुटून पडले. आई पहाटेच, साठवणीतल्या अर्ध्या बादलीत न्हाऊन, सोवळ्यात स्वयंपाकाला लागली होती. तरी पाहुणीला काही कमी पडू नये म्हणून तिनं पिंपातलं पाणी काढून, गॅसवर तापवून दोन बादल्या भरल्या. त्या उकाड्यात! जपानी माणसाला गरमच लागतं, हे मीच कधीतरी सांगून बसले होते.

ओकासान आत गेल्या आणि थोड्याच वेळात लालबुंद होऊन बाहेर आल्या. आईसमोर कमरेत वाकल्या, न्हाणीघराकडे हात केला आणि मला जपानीत काही सांगितलं. मी आत डोकावले. एक बादली रिकामी. दुसरी काठोकाठ तशीच, वर पिंपाचं झाकण.

"काय म्हणतें ती?" आईनं विचारलं.

दुसऱ्याच्या आंघोळीचं उरलेलं पाणी आमच्याकडे संडासात ओततात. खोटं सांगावं असं फार वाटलं. पण ओकासान आईच्या तोंडाकडे इतक्या आशेनं बघत होत्या, की मी खरं तेच सांगून टाकलं. "म्हणतात, तुझ्यासाठी ठेवलंय. गार व्हायच्या आत घे."

आईनं बादलीकडे पाहिलं. ओकासानकडे पाहिलं. मग दोरीवरचा पंचा ओढला, आत गेली आणि कडी लावली. तांब्याचा आवाज येऊ लागला. पहाटे न्हालेली माझी आई, टँकरच्या दिवशी, ऐन मे महिन्यात, दुसऱ्यांदा न्हात होती, तेही गरम पाण्यानं. मला हसू आणि रडू एकदमच आलं. ओकासान समाधानानं मान डोलवत बसल्या होत्या.

आई बाहेर आली ती घामानं थबथबलेली. "असं काय बघतेस गे? तापवलेलं पाणी कोणी फुकट घालवतें काय?" मग पदरानं मानेचा घाम टिपत म्हणाली, "पुढच्या वर्षीं जाशील तेव्हा हिला सांबाराची पूड नेऊन दे. पावम, बिचारी, किती वाळली आहे बाई."

वाळली म्हणे! आई त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होती.