सुबोधची एकुलती एक रेकॉर्ड

माझा नवरा सुबोध जर्मनीत डीजे होता असं मी इथे सिंगापुरात, आमच्या टॅम्पिनीसमध्ये कुणाला सांगितलं, की लोक आधी त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे. अठ्ठावन्न वर्षांचा, बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणारा, दोन्ही कानांत मशीन. त्यांचं तरी काय चुकलं?

नव्वद साली तो पुण्याहून फ्रँकफुर्टला इंजिनिअरिंग शिकायला गेला. टेक्नो हे यंत्रांवर केलेलं नाचायचं संगीत तेव्हा नुकतंच रुजत होतं. एका तळघरातल्या क्लबात आधी लोकांचे कोट सांभाळले, मग कुणीतरी आजारी पडलं म्हणून वाजवायला उभा राहिला, आणि पुढे चार वर्षं दर शनिवारी हाच. आपली गाणी दुसऱ्या डीजेला कळू नयेत म्हणून रेकॉर्डवरची नावं झाकायची तेव्हा पद्धत होती. बाकीचे वर कागद चिकटवत. आमचे महाशय पडले पुणेरी, त्यांना अर्धवट काम चालतंय कुठलं! यांनी कोमट पाण्यात भिजवून लेबलंच काढली, शिवाय लेबलाच्या कडेला रेकॉर्डवर कोरलेले नंबरही सुईने खरवडले. तीनशे रेकॉर्डींचे. त्यात एक त्याने स्वतः रचलेली होती, जेमतेम पन्नास प्रती काढलेली. स्वतःचंच वाजवतो म्हणून लोक हसतील, या भीतीने तिचंही नाव घालवलं.

मग वडिलांचं आजारपण, पुणे, लग्न, सिंगापूर. रेकॉर्डींची खोकी आमच्याबरोबर तीन घरं फिरली आणि शेवटी बॉम्ब शेल्टरमध्ये, म्हणजे इथल्या फ्लॅटांत असते त्या जाड भिंतींच्या खोलीत, तांदळाच्या डब्यामागे जाऊन बसली. मी त्यांचा मनापासून राग राग केला.

या फेब्रुवारीत जर्मनीतल्या एका बाईंचा मेल आला. सुरुवातीच्या टेक्नोवर त्या प्रदर्शन भरवत होत्या. जुन्या पत्रकांवर त्यांना सुबोधचं नाव सापडलं होतं, पण त्याची रेकॉर्ड कुठेच मिळत नव्हती. ती पाठवली तर प्रदर्शनात एक अख्खी भिंत त्याची.

सुबोध नुसतं "बरं" म्हणाला. पण दुसऱ्याच दिवशी टर्नटेबल घेऊन आला, तेव्हा मला कळलं, याला हे हवंय. मला तर त्याच्याहून जास्त हवं होतं.

आमची लेक गार्गी फोन घेऊन बसली. हल्ली फोनच गाणी ओळखतो. चार रविवार गेले. एकोणीस सोडून सगळ्यांची नावं लागली. त्या एकोणिसांतच कुठेतरी याची.

त्या एकोणीस मग सुबोधने ऐकल्या. मशीन घालून, मशीन काढून, स्पीकरवर तळवा टेकवून. आठवडाभर. मी चहा नेऊन ठेवायचे, तो प्यायचा.

शनिवारी दुपारी त्याने टर्नटेबल बंद केलं.

"कुठली रे?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"असं कसं? तूच केलीयस ना!"

"कुठलीही असेल."

"बाबा, जस्ट सेंड एनी वन ला," गार्गी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "हू विल नो?"

"मला कळायला हवं होतं," तो म्हणाला.

आवाज चढला नाही की पडला नाही. त्याने बाईंना दोन ओळी लिहिल्या, रेकॉर्ड हरवली म्हणून, आणि आत जाऊन आडवा झाला. लगेच घोरायलाही लागला. मला मात्र रडू आवरेना.

संध्याकाळी गार्गी बाहेर गेल्यावर मी त्यातली एक लावून बसले. चांगली होती. कुणाची, कोण जाणे.