अर्ध्यावर धरलेली पताका

सिरोंच्याला गोदावरीवर पूल झाला आणि बापाची नाव काठावर पालथी पडली. पुलाचं कौतुक सगळ्यांनी केलं, आम्हीही केलं. घरी येऊन आंबील प्यायलो. आई तेंदूपत्ता तोडायला जाऊ लागली. बाप पुलाकडे पाठ करून बसू लागला.

असल्या घरातून मी चंद्रपूरच्या कॉलेजात आलो आणि नौदल कॅडेटांच्या तुकडीत शिरलो. चंद्रपुरात समुद्र नाही. आमचं जहाज म्हणजे व्हॉलीबॉलच्या मैदानावरचे लोखंडी खांब. पण बापाने गावभर सांगून टाकलं, "पोरगा नेव्हीत हाये." मला बजावलं, "सर्टिफिकेट आन. नाई तं लोकं मले जगू देनार नाईत."

त्यासाठी पताकांची परीक्षा होती. शिकवणारे साहेब सांगत, जहाजावर मोठा अधिकारी आहे हे डोलकाठीवरच्या पताकेवरून कळतं. यात नवं काय? आमच्या तालुक्यातही गाडीवरच्या झेंडीवरूनच कळतं. झेंडी काढली तर माणूस ओळखू येत नाही.

उत्तराची पताका लाल-पांढरी, निमुळती. समोरच्या जहाजाने ओळीने झेंडे चढवून दिलेला इशारा दिसला की ती अर्ध्यावर चढवायची, म्हणजे दिसलं, अजून कळलं नाही. वाचून झालं की टोकाला. सरावात इशारा दिसताच मी ती थेट टोकाला नेली. नदीकाठचा हात तो! पैलतीरावरून नाव बोलवायची तर लुगडं काठीच्या टोकालाच बांधतात. अर्ध्यावर बांधलेलं नावाड्याला दिसणार कसं?

साहेब म्हणाले, "वाचायच्या आधीच कळलं? मंत्री आहेस का?"

तेव्हापासून पोरं मला मंत्रीजी म्हणू लागली.

परीक्षेच्या दिवशी वारा होता. समोरच्या खांबावरच्या इशाऱ्यातला तिसरा झेंडा दोरीला गुंडाळला गेला. माझ्या जोडीचा बल्लारपूरचा पोरगा कुजबुजला, "चढव ना बे, मंत्रीजी! काऊन थांबून राह्यला? बाकीच्यायचं झालं."

खरंच, बाकीच्या पताका टोकाला फडफडत होत्या. झेंडा त्यांनाही दिसत नव्हता.

मी दोरी अर्ध्यावरच धरून ठेवली. हात भरून आले. शेवटी समोरच्यांनी झेंडा मोकळा केला, मी वाचला, मग पताका वर नेली.

परीक्षकांनी बाकीच्यांना विचारलं, "तिसरा झेंडा कोणता होता?"

सगळे आपापले बूट पाहू लागले.

त्या वर्षी आमच्या जोडीला सर्टिफिकेट मिळालं. पुढच्या वर्षी मी बी.ए. झालो. आमच्या घरात या दोन्ही गोष्टी पहिल्यांदाच आल्या.