झुमराआत्याची लुळी माशी

उन्हाळ्यात रोज संध्याकाळी झुमराआत्या साना नदीवरच्या पुलाखाली वाकून कोळ्याचं जाळं बघायची. त्यात अडकलेल्या किड्यांवरून तिला कळायचं, आज पाण्यातून कोणता किडा वर येतोय. मग घरी येऊन सशाचे केस, बदकाचं पीस आणि रेशीम घेऊन मासा फसावा म्हणून ती गळावर तशीच खोटी माशी बांधायची. गळ टाकायला मात्र तिचा नवरा रसीम जायचा, मासे धरायला पैसे देऊन येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना घेऊन.

पुलाखालच्या एका थोराड ट्राउट माशाने तीन उन्हाळे रसीमला दाद दिली नव्हती. आजूबाजूचे किडे टिपायचा, पण रसीमच्या माशीला नाक लावून वळायचा. आत्याने आठवडाभर नुसतं पाहिलं. तो पंखवाले किडे खातच नव्हता. कातीतून अर्धवट सुटलेले, पंख न उघडलेले तेवढेच उचलत होता. तिने तशीच माशी बांधली, चुरगळल्या पंखांची.

"ही काय, लुळी?" रसीम हसला. "पाहुणे म्हणतील, बायकोचे डोळे गेले."

"मासा काय म्हणतो ते बघ."

त्याच संध्याकाळी पहिल्या फेकीला मासा लागला. "मनगट लागतं त्याला," रसीम गावभर सांगत फिरला. पुढच्या वर्षी पाहुण्यांसाठी छापलेल्या पत्रकात त्या माशीचा फोटो आला. खाली नाव होतं, 'रसीमची माशी'.

"माझं नाव टाक," आत्या म्हणाली. तिने कुणाकडे काही मागितलेलं मला एवढंच आठवतं.

"वेडी आहेस का? बाईच्या नावाची माशी कोण घेणार? आणि माझं ते तुझंच ना?"

"मग तुझी तूच बांध."

"रुसू नकोस उगाच. कॉफी ठेव."

तिने कॉफी ठेवली. माशा बांधणंही सोडलं नाही. फक्त त्या दिवसापासून ती पंख उघडे बांधू लागली, सारखे, रेखीव.

"आता कसा हात बसला तुझा!" रसीम म्हणाला.

पाहुणे त्या माशा तळहातावर घेऊन बघत राहायचे. मासे नाक लावून वळायचे. रसीम नदीला शिव्या द्यायचा, हवेला द्यायचा. हळूहळू पाहुणे यायचे थांबले.

"रसीमकाकांना सांगणार नाहीस?" मी एकदा विचारलं.

"जाळं तिथंच आहे. वाकलं की दिसतं."

तो कधी वाकला नाही.

नऊ वर्षांनी, जूनमध्ये, आत्या अंथरुणाला खिळली. अंधारू लागलं होतं, नदीवरचे किडे दिव्याकडे येत होते. रसीम उशाशी बसला होता.

"झुमरा, हे मासे खातात तरी काय, सांग ना."

आत्याने दिव्याभोवती फिरणाऱ्या किड्यांकडे पाहिलं.

"खिडकी लाव," ती म्हणाली. "किडे आत येतायत."