तिच्या वावरातली माती

काल कुंडीतल्या विकतच्या काळ्या मातीवर पाणी शिंपडलं, वास दरवळला आणि शाळेतली ती मुलगी आठवली. आखाजीच्या सणाला खान्देशात गावी जाऊन येताना शेतातली माती आणा, असं बाईंनी सांगितलं होतं. आम्हाला शेतच नव्हतं. मी शहरातल्याच, घराजवळच्या पर्वत पाटिया भागातल्या बांधकामावरून रेताड माती उचलली. तिने गावाहून काळी माती आणली. बाईंनी आम्हा दोघींची माती गाळण्यांत भरून पाणी ओतलं. माझ्या मातीतून ते भसाभसा वाहून गेलं, तिच्या मातीने धरून ठेवलं. "अशी माती जपायची असते," बाई म्हणाल्या. "आमना वावरनी माटी शे," ती मिरवत म्हणाली आणि सगळ्यांना हुंगायला देत सुटली. माझ्यापाशी आली तेव्हा मी श्वास रोखून धरला. कालची माती मात्र पोटभर हुंगली. तिचीच जास्त चांगली असणार.